राज्यकर्त्याचें मुख : जेम्स हॅगर्टी



राज्यकर्त्यांचीं चरित्रें आपण पुष्कळ वाचतों, सेनापतींचीं वाचतों, मुत्सद्द्यांचींहि वाचतों. परंतु राज्यकर्त्याच्या शेजारीं उभा राहून त्याचें म्हणणें लोकांना सांगणारा जो मनुष्य, त्याचें चरित्र सहसा कोणी लिहीत नाहीं आणि कोणी वाचीतहि नाहीं. आजच्या राज्यकारभारांत अशा माणसाला प्रवक्ता म्हणतात. अमेरिकेंत त्याच्या हुद्द्याचें नांव 'प्रेस सेक्रेटरी'; आपल्या भाषेंत वृत्तपत्र-चिटणीस म्हणूं. अशा एका चिटणिसाचा वृत्तांत आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. त्याचें नांव जेम्स हॅगर्टी. १९५३ च्या जानेवारीपासून १९६१ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकीर्दीचीं पुरीं आठ वर्षें, तो त्या जागेवर होता.

आपल्याकडे चिटणिसाचा हुद्दा जुना आहे. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयींची एक आख्यायिका शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असते. महाराजांनीं एक पत्र लिहावयास सांगितलें होतें. कामाच्या गर्दींत तें राहून गेलें. महाराजांनीं पत्र वाचून दाखविण्यास सांगितलें, तेव्हां बाळाजींनीं कोरा कागद हातीं धरून सबंध पत्र अस्खलित वाचून दाखविलें. आख्यायिका ती आख्यायिकाच. परंतु तिच्यांतलें मर्म खरें आहे. धन्याचें मन ज्याला इतकें ठाऊक, त्याच्या कोऱ्या कागदावरहि धन्याचा विश्वास बसतो. मात्र जुन्या चिटणिसाला धनी एकच होता. लोकशाहींतल्या चिटणिसाला धनी दोन : ज्याचें अन्न तो खातो तो एक, आणि ज्यांच्या कानांवर त्याचे शब्द पडतात ते लोक हा दुसरा. या दोघांचें हित जोंवर एक आहे तोंवर काम सोपें. तें फाटलें कीं या माणसाची परीक्षा सुरू होते. हॅगर्टीच्या आयुष्यांत ही परीक्षा ठळकपणें दोनदां आली. पहिल्या वेळीं तो उत्तम रीतीनें पार पडला. दुसऱ्या वेळीं त्याच्या सरकारची फजिती झाली आणि त्याचा शब्दहि त्यांत सांपडला.

या हुद्द्याचा इतिहास फार मोठा नाहीं. केवळ वृत्तपत्रांशीं व्यवहार करण्याकरितां अमेरिकन अध्यक्षांनीं स्वतंत्र चिटणीस नेमला तो १९२९ सालीं, हूव्हर यांच्या कारकीर्दींत. त्याचें नांव जॉर्ज ॲकर्सन. हूव्हर यांच्या काळीं बातमीदारांना प्रश्न आगाऊ लिहून द्यावे लागत. १९३३ सालीं रूझवेल्ट अध्यक्ष झाले व त्यांनीं ती पद्धति मोडली. बातमीदार त्यांच्या मेजाभोंवतीं गोळा होत आणि मनांत येईल तें विचारीत. मात्र अध्यक्षांचे शब्द जसेच्या तसे छापण्याची मुभा खास परवानगीवांचून नसे. रूझवेल्ट यांचा चिटणीस स्टीफन अर्ली हा स्वतः मुरलेला बातमीदार होता. पुढें ट्रूमन यांनीं आपला शाळासोबती चार्ल्स रॉस याला त्या जागीं आणलें. १९५० च्या डिसेंबरांत बातमीदारांना माहिती देऊन होते न होते तोंच रॉसला त्याच्या मेजापाशींच मृत्यूनें गांठलें. ही जागा किती कष्टाची आहे हें एवढ्यावरूनहि ध्यानांत येईल.

हॅगर्टीचा जन्म ९ मे १९०९ रोजीं न्यूयॉर्क राज्यांतील प्लॅट्सबर्ग गांवीं झाला. वडील 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्राचे नांवाजलेले राजकीय बातमीदार. तेव्हां निवडणुका, पुढारी आणि मथळे यांच्या गोष्टी मुलानें घरींच ऐकल्या. १९३४ सालीं कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन तो वडिलांच्याच पत्रांत शिरला. १९३८ पासून चार वर्षें राज्याची राजधानी ऑल्बनी येथून तो विधिमंडळाच्या बातम्या पाठवीत होता. १९४३ सालीं थॉमस ड्यूई त्या राज्याचे गव्हर्नर झाले आणि त्यांनीं या तरुणाला आपल्या पदरीं घेतलें. मेजाच्या एका बाजूला बसून प्रश्न विचारणारा मनुष्य दुसऱ्या बाजूला जाऊन उत्तरें देऊं लागला.

ड्यूई १९४४ व १९४८ अशा दोन वेळां अध्यक्षपदाकरितां उभे राहिले आणि दोन्ही वेळां पडले. दुसऱ्या वेळीं तर त्यांचा विजय सर्वांनीं गृहीत धरला होता. शिकागोच्या एका मोठ्या पत्रानें तो मथळ्यांत छापूनहि टाकला. छापलेला शब्द आणि झालेली गोष्ट यांत केवढें अंतर पडूं शकतें, याचा धडा हॅगर्टीला त्या रात्रीं मिळाला असला पाहिजे. १९५२ सालीं सेनापति आयझेनहॉवर निवडणुकीला उभे राहिले, तेव्हां हा अनुभवी चिटणीस त्यांच्या तांड्यांत आला आणि विजयानंतर त्यांच्याबरोबर व्हाइट हाउसमध्यें शिरला.

त्याची कामाची रीत बातमीदाराची होती. सकाळच्या पत्रांना बातमी कितीपर्यंत लागते, सायंकाळच्या पत्रांना कितीपर्यंत, हें त्याला तोंडपाठ. दिवसांतून दोन वेळां तो बातमीदारांना भेटे. अध्यक्षांच्या प्रवासांत बातमीदारांच्या उतरण्याची, टेलिफोनची, तारांची तजवीज तो जातीनें पाही. मंत्रिमंडळाच्या बैठकींत तो हजर असे. त्यामुळें तो जें सांगे तें ऐकीव नव्हे, आंतून आलेलें आहे, अशी बातमीदारांची खात्री असे. प्रवक्त्याला प्रवेश किती खोलवर आहे यावर त्याच्या शब्दाची किंमत ठरते. दाराबाहेर उभ्या असलेल्या चोपदाराचें बोलणें कोण मनावर घेणार?

त्याच्यापाशीं युक्त्याहि होत्या. अध्यक्षांना गोल्फचा मोठा नाद, आणि सुट्याहि ते पुष्कळ घेत. त्यावर टीका होई. तेव्हां हॅगर्टी निरनिराळ्या खात्यांच्या किरकोळ घोषणा सांठवून ठेवी आणि अध्यक्ष सुटीवर गेले कीं तेथून एकेक बाहेर काढी. वाचणाऱ्यास वाटे, अध्यक्ष सुटींतहि कामांत बुडून गेले आहेत! यांतली एकहि बातमी खोटी नसे; चित्र मात्र थोडेंसें रंगविलेलें असे.

धनी आणि चिटणीस यांचें नातें कसें होतें याची एक गोष्ट हॅगर्टीनेंच सांगितलेली आहे. अमुक गोष्ट बातमीदारांना अशी सांग, असें अध्यक्ष म्हणत. हें सांगितलें तर ते मला फाडून खातील, असें तो म्हणे. मग अध्यक्ष हंसत उठत, मेजाला वळसा घालून येत, त्याच्या पाठीवर थाप मारीत आणि म्हणत, बाळ, मला खाण्यापेक्षां तुला खाल्लेलें बरें! या विनोदांत या हुद्द्याचें सारें रहस्य आहे. वीज पडावयाचीच असेल तर ती कळसावर पडूं नये म्हणून बाजूला जो लोखंडी दांडा उभा करितात, तो हा चिटणीस.

१९५५ च्या मार्चांतील एक प्रसंग पहा. चीनच्या किनाऱ्यालगतच्या किमॉय आणि मात्सू या बेटांवरून युद्ध पेटतें कीं काय, आणि अमेरिका अणुबॉंब वापरते कीं काय, अशी भीति पसरली होती. या विषयावर अध्यक्षांनीं कांहीं बोलूं नये, अशी परराष्ट्रखात्याची विनंति हॅगर्टीनें त्यांच्या कानांवर घातली. काळजी करूं नको, प्रश्न आलाच तर मी त्यांना गोंधळांत टाकीन, असें अध्यक्षांनीं त्याला सांगितलें; आणि प्रश्न आल्यावर त्यांनीं इतकें लांबलचक व गुंतागुंतीचें उत्तर दिलें कीं त्यांतून हो कीं नाहीं तें कोणासहि काढतां येईना. येथें एक भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. मौन ही एक गोष्ट, संदिग्ध बोलणें ही दुसरी, आणि असत्य ही तिसरी. पहिल्या दोहोंवांचून कोणतेंहि राज्य चालत नाहीं. तिसरीचें काय होतें तें पुढें येणारच आहे.

तत्पूर्वीं या माणसाच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष आवडेल अशी. अध्यक्षांचे शब्द जसेच्या तसे छापावयाचे नाहींत हा जुना दंडक या काळांत मोडला. १९५३ च्या डिसेंबरांत एका वार्ताहर-परिषदेचें ध्वनिमुद्रण प्रथमच नभोवाणीला देण्यांत आलें, आणि १९ जानेवारी १९५५ रोजीं वार्ताहर-परिषदेचें चित्रीकरण दूरचित्रवाणीकरितां प्रथमच झालें. चित्रफीत हॅगर्टीच्या नजरेखालून गेल्यावरच बाहेर पडे हें खरें. तथापि अध्यक्षाचा आवाज, त्याचें अडखळणें, त्याचें हंसणें हें सर्व सामान्य माणसाच्या घरांत गेलें. आठ वर्षांत अशा १९३ परिषदा झाल्या. पुढें १९६१ सालीं केनेडी यांनीं त्या थेट प्रक्षेपित करण्यास आरंभ केला, पण वाट आधींच मोकळी झालेली होती.

दुसरी गोष्ट त्याच्या तापटपणाची. १९५७ च्या डिसेंबरांत पॅरिस येथें राष्ट्रांची परिषद भरली असतां, अध्यक्षांनीं किती वाजतां काय खाल्लें असल्या बारीकसारीक माहितीची थट्टा आर्ट बुकवाल्ड या विनोदी लेखकानें एका लेखांत केली. हॅगर्टी संतापला आणि हा लेख म्हणजे निर्भेळ कचरा आहे असें त्यानें जाहीरपणें सांगितलें. बुकवाल्डनें उत्तर दिलें कीं मी भेसळीचा कचरा लिहितों हें प्रसिद्ध आहे, निर्भेळ कधींच लिहिला नाहीं! सारें जग हंसलें. दुसऱ्याचा राग स्वतःवर घेणाऱ्या माणसाला स्वतःचा राग परवडत नाहीं.

आतां पहिल्या परीक्षेकडे वळूं. १९५५ च्या सप्टेंबरांत आयझेनहॉवर सुटीकरितां कोलोरॅडो राज्यांतील डेन्व्हर शहरीं गेले होते. २३ तारखेला त्यांनीं गोल्फचे डाव खेळले. रात्रीं सासूबाईंच्या घरीं निजले असतां उत्तररात्रीं छातींत कळ आली. हॅगर्टी त्या वेळीं वॉशिंग्टनमध्यें होता. डेन्व्हरला त्याचा दुय्यम मरी स्नायडर होता. २४ तारखेस, शनिवारीं सकाळीं, अध्यक्षांना अपचनाचा त्रास झाला असल्याचें बातमीदारांना कळविण्यांत आलें. दुपारीं दुसरी बातमी आली : अपचन नव्हे, हृदयाच्या रक्तवाहिनींत गुठळी झाली आहे. सकाळची बातमी ही वैद्याची चूक होती कीं लपवालपव होती, याविषयीं इतिहासकारांत पुढें वाद झाला. हॅगर्टी त्याच रात्रीं विमानानें डेन्व्हरला गेला.

त्याच्यापुढें जुने दाखले होते, आणि ते सर्व लपविण्याचे होते. १८९३ सालीं अध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या तोंडांत गांठ झाली, तेव्हां एका क्रीडानौकेवर गुप्तपणें शस्त्रक्रिया करण्यांत आली. ती बातमी छापणाऱ्या बातमीदारालाच खोटें ठरविण्यांत आलें आणि पूर्ण हकीकत बाहेर येण्यास १९१७ साल उजाडलें. १९१९ सालीं अध्यक्ष विल्सन यांना पक्षाघात झाला, तेव्हां पत्नीनें आणि वैद्यानें महिनोन् महिने खरी स्थिति देशाला कळूं दिली नाहीं. रूझवेल्ट यांच्या अखेरच्या दुखण्याचेंहि तेंच.

हॅगर्टीनें उलट मार्ग धरला. दिवसांतून अनेक वेळां प्रकृतीचीं पत्रकें निघूं लागलीं. झोप किती लागली, अन्न काय घेतलें, रक्ताचा दाब कसा आहे, सारें बातमीदारांच्या हातीं पडूं लागलें. बॉस्टनचे विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर पॉल व्हाइट यांना बातमीदारांपुढें बसविण्यांत आलें, आणि त्यांनीं फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या गुरुजींसारखा हृदयविकार म्हणजे काय याचा पाठच सबंध राष्ट्राला दिला. अध्यक्षांना शौचास साफ झालें हेंहि त्यांनीं सांगून टाकलें! पुढें आयझेनहॉवर यांना हें वाचून संकोच वाटला. पण वैद्याच्या दृष्टीनें ती शुभवार्ता होती, आणि जो एवढें सांगतो तो कांहीं लपवीत नसणार, असें लोकांच्या मनानें घेतलें.

सत्य सांगण्याला किंमत पडते हेंहि खरें. सोमवारीं, २६ तारखेला, न्यूयॉर्कचा शेअरबाजार उघडला आणि एका दिवसांत सुमारें साडेसहा टक्क्यांनीं कोसळला. सुमारें १४ अब्ज डॉलरांची किंमत हवेंत विरली. परंतु घबराट वाढत गेली नाहीं. राष्ट्राला दररोज जी माहिती मिळत होती तिच्याशीं अफवांना स्पर्धा करतां येईना. ११ नोव्हेंबरला अध्यक्ष वॉशिंग्टनला परतले, आणि पुढच्या वर्षीं त्याच आजारी माणसाला लोकांनीं पुन्हां निवडून दिलें. मोकळेपणा येथें सोयीचाहि होता, हें इतिहासकार या नात्यानें नमूद केलें पाहिजे. धनी बरा होत आहे हें दाखविणें चिटणिसाच्या फायद्याचेंच होतें. तरीहि आजाराच्या पहिल्या दिवसांत पुढें काय होणार हें कोणालाच ठाऊक नव्हतें, आणि तेव्हांच त्यानें दार उघडें ठेवलें, हें विसरून चालणार नाहीं.

हें श्रेय व्यक्तीचें कीं पद्धतीचें, याचा पडताळा दोन वर्षांनीं आला. २५ नोव्हेंबर १९५७ रोजीं अध्यक्षांना मेंदूचा सौम्य झटका आला व वाचा अडखळूं लागली. हॅगर्टी तेव्हां पॅरिसला होता. त्याच्या जागीं ॲन व्हीटन या बाई काम पाहत होत्या. प्रथम जाहीर झालें कीं अध्यक्षांना गारठा बाधला. खरें कारण दुसऱ्या दिवशीं बाहेर आलें. डेन्व्हरचा धडा व्हाइट हाउसच्या भिंतींनीं पाठ केला नव्हता. तो एका माणसाच्या अंगीं होता.

दुसरी परीक्षा १९६० सालची. १ मे रोजीं पेशावरहून उडालेलें 'यू-टू' नांवाचें अमेरिकन टेहळणी विमान रशियांत स्वेर्दलोव्स्क शहराजवळ पाडण्यांत आलें. इतक्या उंचीवरून पडलेल्या विमानांतला वैमानिक जिवंत असणें शक्य नाहीं, असें वॉशिंग्टनमध्यें धरून चालले. म्हणून आधीं ठरवून ठेवलेली कथा पुढें करण्यांत आली : हवामानाच्या संशोधनाचें एक विमान वाट चुकलें असावें. ५ मे रोजीं रशियाचे प्रमुख क्रुश्चेव्ह यांनीं एक विमान पाडल्याचें जाहीर केलें, आणि वैमानिकाविषयीं चकार शब्द काढला नाहीं. बातमीदार हॅगर्टीकडे धांवले. अध्यक्षांनीं चौकशीचा हुकूम दिला असून माहिती अंतराळसंस्था आणि परराष्ट्रखातें देईल, असें त्यानें सांगितलें. त्या दोन्ही ठिकाणांहून हवामानाचीच कथा बाहेर पडली. दुसऱ्या दिवशीं परराष्ट्रखात्याच्या प्रवक्त्यानें तर रशियाची हद्द मुद्दाम ओलांडण्याचा प्रयत्न कधींहि झालेला नाहीं असें ठासून सांगितलें.

७ मे रोजीं क्रुश्चेव्ह यांनीं सापळा मिटला. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स जिवंत आहे, आमच्या ताब्यांत आहे, विमानाचे तुकडेहि आमच्यापाशीं आहेत; हें आधीं मुद्दामच सांगितलें नव्हतें, असें त्यांनीं हंसत हंसत सांगितलें. बाळाजींच्या हातांतला कोरा कागद विश्वासानें भरलेला होता. या प्रवक्त्यांच्या हातांत जो कागद होता तो कोरा निघाला तेव्हां सारें जग पाहत होतें. ११ मे रोजीं आयझेनहॉवर यांनीं वार्ताहर-परिषदेंत टेहळणीची जबाबदारी स्वतःवर घेतली. पांच दिवसांनीं पॅरिसला चार राष्ट्रांची शिखर-परिषद सुरू होतां होतांच मोडली. शीतयुद्धाची धार कमी करण्याची जी आशा अध्यक्षांनीं अखेरच्या वर्षांत बाळगली होती ती तेथें संपली. विमान पाठविल्यापेक्षां त्याविषयीं खोटें बोललों, याची खंत त्यांना शेवटपर्यंत राहिली.

यानंतर महिन्याभरानें चिटणिसावर प्रत्यक्ष वीज पडली. अध्यक्षांच्या जपानभेटीची तयारी करण्यास हॅगर्टी १० जून १९६० रोजीं टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरला. जपान-अमेरिका संरक्षण-कराराविरुद्ध तेथें प्रचंड चळवळ चालू होती. निदर्शकांनीं त्याच्या मोटारीला वेढा घातला, ती गदगदा हलविली, कांचा फोडल्या. सुमारें तासाभर तो आंत अडकून पडला आणि अखेर हेलिकॉप्टरनें त्याची सुटका झाली. सहा महिन्यांपूर्वींच, १९५९ च्या डिसेंबरांत, आपल्या दिल्लीनें आयझेनहॉवर यांच्यावर फुलांचा वर्षाव केला होता. आतां जपानची भेट रद्द करावी लागली. आयझेनहॉवर यांच्यावरील राग त्यांच्या चिटणिसाच्या मोटारीनें सोसला.

१९६१ सालीं हॅगर्टी सरकारी नोकरींतून बाहेर पडला आणि एका मोठ्या दूरचित्रवाणी कंपनीचा उपाध्यक्ष झाला. तेथें तो १९७५ पर्यंत होता. ११ एप्रिल १९८१ रोजीं त्याचें निधन झालें. त्याची १९५४ व १९५५ या वर्षांची रोजनिशी १९८३ सालीं छापली गेली. ती वाचतांना दिसतें कीं बाहेर मोजकें बोलणारा हा मनुष्य घरीं जाऊन सारें काळजीपूर्वक टिपून ठेवीत होता. इतिहासाला त्यानें जें दिलें तें वर्तमानपत्रांना दिल्याहून अधिक आहे.

आतां एक शेवटचा प्रश्न उरतो. धन्याचें आणि लोकांचें हित फाटलें तर चिटणिसानें काय करावें? याचें एक उत्तर पुढील पिढींत मिळालें. १९७४ च्या ऑगस्टांत फोर्ड अध्यक्ष झाले आणि त्यांनीं जेरल्ड टरहोर्स्ट या बातमीदाराला चिटणीस नेमलें. माजी अध्यक्ष निक्सन यांना माफी मिळणार काय, असें विचारलें असतां, आंतून मिळालेल्या माहितीवरून त्यानें तशी शक्यता नाकारली. ८ सप्टेंबरला फोर्ड यांनीं माफी जाहीर केली. टरहोर्स्टनें त्याच दिवशीं राजीनामा दिला. त्याची कारकीर्द एका महिन्याची. हॅगर्टीची आठ वर्षांची. पण दोघांच्या चरित्रांतून एकच गोष्ट शिकण्यासारखी आहे. प्रवक्त्याचा आवाज उसना असतो, शब्द उसने असतात, मतेंहि उसनीं असूं शकतात. उसनी चालत नाहीं ती पत. ती ज्याची त्यालाच मिळवावी लागते, आणि ती राज्यालाहि उपयोगी पडते तोंवरच पडते, जोंवर राज्य ती खर्चून टाकीत नाहीं. डेन्व्हरला एका रुग्णालयांत जमविलेली पत स्वेर्दलोव्स्कच्या आकाशांत आठवड्याभरांत खर्ची पडली.

सरकारी निवेदन ऐकतांना आपण श्रोत्यांनींहि हा भेद ओळखावयास शिकलें पाहिजे. तो बोलत नाहीं, तर कां बोलत नाहीं. तो गोल बोलतो, तर कशावर पांघरूण घालतो. आणि तो ठासून बोलतो, तर कोणत्या आधारावर, हे प्रश्न नागरिकानें विचारावयाचे आहेत. प्रश्न विचारणारे जागे असले म्हणजे उत्तर देणाऱ्यासहि खरें बोलण्याचें बळ येतें. हॅगर्टीला तें बळ त्याच्या भोंवतालच्या बातमीदारांनीं दिलें होतें, आणि तो स्वतः त्यांच्यांतूनच आला होता.